सुगंध किती घालावा? घरगुती मेणबत्त्या, साबण आणि लोशनसाठी मोजमापाची पद्धत

एकाच बाटलीतील सुगंधी तेल मेणबत्तीच्या मेणात आठ टक्के घातले तरी चालते, पण तेच तेल अंगाला लावायच्या लोशनमध्ये अर्धा टक्का घातले तरी जास्त ठरू शकते. दिवाळीच्या आधी महिनाभर घरोघरी मेणबत्त्या, साबण, बॉडी बटर करण्याची जी लगबग सुरू होते, तिच्यात नेमका हा फरक हरवतो. मेणबत्तीसाठी आणलेली बाटली उरते, वास आवडलेला असतो, आणि मग ती साबणाच्या मिश्रणात ‘थोडीशी’ ओतली जाते. हे ‘थोडीशी’ म्हणजे किती ग्रॅम, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. प्रमाण नाकाने ठरवायची ही सवय मोडून ते वजनकाट्याने कसे ठरवावे, हे येथे सविस्तर मांडले आहे.

नाकावर विश्वास का ठेवू नये, याचे कारण साधे आहे. एकाच वासात दहा-पंधरा मिनिटे काम केले की नाक त्या वासाला सरावते आणि तो वास फिका वाटू लागतो. मेण ढवळणारी व्यक्ती ‘अजून थोडे’ म्हणून तेल वाढवत जाते, तर बाहेरून खोलीत आलेल्या माणसाचे डोके दुखू लागते. त्यामुळे प्रमाण काम सुरू करण्यापूर्वी वहीत लिहून ठेवावे आणि काम सुरू झाल्यावर ते बदलू नये. वास कमी वाटला तर पुढच्या खेपेला वाढवता येतो.

बाटलीत काय आहे, हे आधी ठरवावे

बाजारात ‘सुगंधी तेल’ या एकाच नावाखाली निदान चार वेगवेगळ्या वस्तू मिळतात. पहिली म्हणजे इसेन्शियल ऑइल, अर्थात वनस्पतीपासून ऊर्ध्वपातनाने किंवा साल दाबून काढलेले तेल. दुसरी म्हणजे फ्रॅग्रन्स ऑइल, ज्यात नैसर्गिक आणि कृत्रिम सुगंधी द्रव्ये मिसळलेली असतात. तिसरी म्हणजे अत्तर, आणि चौथी म्हणजे अगरबत्तीवाल्यांसाठी बनवलेले कंपाऊंड.

या चौथ्या वस्तूबद्दल विशेष सावध राहावे लागते, कारण ती स्वस्त असते, तिचा वास दणदणीत असतो, आणि मुंबई-पुण्यातील घाऊक बाजारांत ती साबणाच्या बेसशेजारीच मांडलेली दिसते. अगरबत्तीच्या कंपाऊंडमध्ये सुगंधी द्रव्य पातळ करण्यासाठी डायएथिल थॅलेट, म्हणजे बाजारातील भाषेत डीईपी, सर्रास वापरले जाते. ती वस्तू काडीवर चढवून जाळण्यासाठी तयार केलेली असते. त्वचेवर तिचा काय परिणाम होईल, याचा विचार ती बनवताना कोणी केलेला नसतो. म्हणून अगरबत्तीचे कंपाऊंड साबण, उटणे, तेल, लोशन यांपैकी कशातही घालू नये. मेणबत्तीतही ते नीट वागत नाही. मी एकदा मोगऱ्याचे कंपाऊंड पॅराफिनमध्ये दहा टक्के घालून पाहिले होते. दुसऱ्या दिवशी मेणबत्तीच्या अंगावर तेलाचे थेंब आले होते आणि पेटवल्यावर वात काजळी ओकत होती.

अत्तराची गोष्ट थोडी निराळी आहे. कनौजचे पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलात उतरवलेले असे, पण आज अत्तर म्हणून मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त बाटल्यांमध्ये पॅराफिन तेल किंवा अन्य द्रावक असतो. विकणाऱ्याकडून घटकांचा कागद मिळत नसेल, तर ते अत्तर मनगटावर लावण्यापुरतेच ठेवावे. फवारायचा परफ्यूम तर मेणात घालूच नये, कारण त्यात अल्कोहोल मोठ्या प्रमाणात असते आणि गरम मेणाजवळ अल्कोहोलची वाफ पेट घेऊ शकते. केकमध्ये घालायचा पाण्यातील इसेन्सही मेणात विरघळत नाही. तो तळाशी थेंब होऊन बसतो आणि ज्योत तिथे पोहोचली की तडतडतो.

‘नैसर्गिक आहे, म्हणून कितीही चालेल’ हा समज इथेच बाजूला ठेवावा. लवंगेच्या तेलात युजेनॉल तीन चतुर्थांशाहून अधिक असू शकते, आणि दालचिनीच्या सालीच्या तेलाचा मुख्य घटक असलेले सिनॅमाल्डिहाइड हे त्वचेला ॲलर्जी आणणाऱ्या सर्वपरिचित द्रव्यांपैकी एक आहे. त्वचारोगतज्ज्ञ सुगंधाच्या ॲलर्जीची चाचणी करताना जे मिश्रण पाठीवर लावतात, त्यात ही दोन्ही द्रव्ये असतात. विशेष म्हणजे ही ॲलर्जी पहिल्या वापरात दिसेलच असे नाही. त्वचा अनेक महिने ते द्रव्य सहन करते, मग एके दिवशी लाल होऊन खाजू लागते, आणि एकदा ती संवेदनशील झाली की पुढे आयुष्यभर तो घटक टाळावा लागतो. प्रमाण कमी ठेवण्यामागचे मुख्य कारण आज होणारी आग हे नसून ही पुढे येणारी ॲलर्जी आहे.

इफ्राचा कागद कसा वाचावा

सुगंधी द्रव्यांच्या सुरक्षित मर्यादा ठरवणारी इफ्रा ही उद्योगाचीच आंतरराष्ट्रीय संघटना 1973 साली स्थापन झाली. कोणते द्रव्य कोणत्या प्रकारच्या वस्तूत जास्तीत जास्त किती टक्के असावे, याची मानके ती प्रसिद्ध करते आणि त्यांत वेळोवेळी सुधारणा करते. 51वी सुधारणा जून 2023 मध्ये जाहीर झाली. चांगला विक्रेता प्रत्येक सुगंधासोबत या मानकांनुसार काढलेले प्रमाणपत्र देतो. बहुधा ते त्याच्या संकेतस्थळावर असते किंवा मागितल्यावर ईमेलने येते. प्रमाणपत्र देत नाही अशा विक्रेत्याचा सुगंध अंगाच्या वस्तूंसाठी घेऊ नये, इतके कडक मी याबाबत राहते.

प्रमाणपत्रात बारा वर्ग असतात आणि त्यांपैकी काहींचे पोटवर्गही असतात. घरगुती कामासाठी त्यांतील मोजकेच लागतात. वर्ग 1 म्हणजे ओठांना लावायच्या वस्तू. वर्ग 2 काखेत लावायच्या डिओडरंटसाठी असतो. वर्ग 4 मध्ये अंगावर लावायचा परफ्यूम येतो. वर्ग 5 लोशन, क्रीम, बॉडी बटर अशा अंगावर राहणाऱ्या वस्तूंसाठी आहे आणि त्यात अंग, चेहरा, हात व लहान बाळे यांसाठी अनुक्रमे 5 अ, 5 ब, 5 क आणि 5 ड असे भाग केलेले असतात. वर्ग 9 मध्ये साबण, शाम्पू, बॉडी वॉश अशा धुतल्या जाणाऱ्या वस्तू येतात. मेणबत्ती वर्ग 12 मध्ये मोडते.

समजा, एका सुगंधाच्या प्रमाणपत्रात वर्ग 1 समोर 0, वर्ग 5 अ समोर 0.9, वर्ग 9 समोर 3.2 आणि वर्ग 12 समोर 100 असे आकडे आहेत. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रत्येक सुगंधाचे आकडे वेगळे असतात.) याचा अर्थ असा की हा सुगंध लिप बाममध्ये अजिबात घालता येणार नाही, लोशनमध्ये जास्तीत जास्त 0.9 टक्के आणि साबणात 3.2 टक्क्यांपर्यंत चालेल. मेणबत्तीपुढचे ‘100’ पाहून मात्र कित्येक जण फसतात. त्वचेशी संबंध येत नसल्यामुळे त्वचेच्या दृष्टीने मर्यादा नाही, एवढेच तो आकडा सांगतो. मेण किती तेल धरून ठेवू शकते आणि वात काय पेलू शकते, याचे उत्तर त्यात नसते.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हा कागद सुगंध बनवणारी कंपनी स्वतः देते. इफ्राने ती बाटली तपासून मंजूर केली आहे, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय त्यातील आकडा ही कमाल मर्यादा असते. ती गाठलीच पाहिजे असे नाही, आणि मी तर सहसा मर्यादेच्या निम्म्यावरच थांबते, कारण तेवढ्यात वास पुरतो.

मेणबत्ती: मेण किती तेल धरते

प्रत्येक प्रकारच्या मेणाची तेल धरून ठेवण्याची क्षमता वेगळी असते. सोया वॅक्समध्ये साधारण 6 ते 8 टक्के सुगंध घालतात आणि काही प्रकारांत उत्पादक 10 टक्क्यांपर्यंत मुभा देतात. साच्यातून काढायच्या पॅराफिनमध्ये 4 ते 6 टक्के पुरतात. मधमाश्यांच्या मेणाला स्वतःचा वास असतो, त्यामुळे त्यात 3 ते 5 टक्क्यांच्या वर जाण्यात अर्थ नाही. मेणाच्या पिशवीसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात कमाल प्रमाण दिलेले असेल, तर या ठोकताळ्यांऐवजी तेच पाळावे.

प्रमाण ओलांडले तर काय होते, हे समजले की ते पाळणे सोपे जाते. मेणाने न धरलेले तेल पृष्ठभागावर घामासारखे येते किंवा तळाशी साचते. वातीतून मेणाऐवजी तेल जास्त चढू लागले की तिचे टोक कोळशासारखे बोंडाळते, ज्योत उंच होते, काजळी धरते. कधी कधी वितळलेल्या मेणाचा सगळा पृष्ठभागच पेट घेतो. उलट काही वेळा जड तेलामुळे वात तुंबून ज्योत विझते आणि करणारा ‘वात खराब निघाली’ म्हणून वात बदलत बसतो. गंमत अशी की जास्त तेल घातलेल्या मेणबत्तीचा वास अनेकदा कमीच येतो, कारण ती नीट जळतच नाही.

आता हिशेब करू. काचेच्या आठ वाट्या भरायच्या आहेत. एका वाटीत किती मेण मावते हे पाहण्यासाठी ती हव्या त्या पातळीपर्यंत पाण्याने भरावी, पाण्याचे वजन करावे आणि त्याला सुमारे 0.86 ने गुणावे, कारण मेण पाण्यापेक्षा हलके असते. पाणी 175 ग्रॅम भरले, तर मेणाचे मिश्रण सुमारे 150 ग्रॅम लागेल. आठ वाट्यांना 1200 ग्रॅम. एकूण मिश्रणाच्या 7 टक्के सुगंध घालायचा असेल, तर 84 ग्रॅम तेल आणि 1116 ग्रॅम मेण घ्यावे. काही जण टक्केवारी एकूण मिश्रणावर न काढता केवळ मेणाच्या वजनावर काढतात. त्या पद्धतीने 1116 ग्रॅम मेणाला 78 ग्रॅम तेल येईल. दोन्ही पद्धती चालतात, पण एकच धरावी आणि वहीत तसे लिहावे. इफ्राच्या मर्यादा मात्र नेहमी तयार वस्तूच्या एकूण वजनावर असतात.

मेण डबल बॉयलरमध्ये, म्हणजे पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवूनच वितळवावे. सोया वॅक्ससाठी तापमान 80 ते 85 अंश सेल्सिअसवर आले की आच बंद करून सुगंध घालावा आणि दोन मिनिटे हलक्या हाताने सतत ढवळावे. घाईने ढवळलेले तेल मेणात एकजीव होत नाही आणि नंतर सुटून येते. सुगंधाच्या बाटलीवर ‘फ्लॅश पॉइंट’ म्हणून एक तापमान लिहिलेले असते. त्याहून गरम मेणात तेल घातले तर वास उडून जातो, असा एक गैरसमज फार पसरला आहे. प्रत्यक्षात ठिणगी किंवा ज्योत जवळ आल्यास ज्या तापमानाला त्या तेलाची वाफ पेट घेऊ शकते, ते हे तापमान आहे. संत्र्याच्या तेलाचा फ्लॅश पॉइंट 50 अंशांच्या आसपास असतो, तरीही ते 80 अंशांच्या मेणात घालता येते. अट एवढीच की शेजारी पेटती शेगडी नसावी. म्हणूनच आधी गॅस बंद करायचा आणि मग बाटली उघडायची, हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये. चुकून मेणाने पेट घेतला, तर पाणी ओतू नये. भांड्यावर झाकण ठेवून आग गुदमरवावी. गरम मेणावर पडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते मेण चहूकडे उडते.

पारदर्शक जेल मेणबत्त्या आपल्याकडे भेटवस्तू म्हणून फार लोकप्रिय आहेत आणि सुगंधाच्या बाबतीत त्याच सर्वांत लहरी असतात. जेल हे खनिज तेल आणि पॉलिमर यांचे बनलेले असते. त्यात फक्त ‘नॉन-पोलर’ प्रकारचे, म्हणजे खनिज तेलात पूर्णपणे मिसळणारे सुगंधच विरघळतात. इतर सुगंध जेलमध्ये लहान लहान खिसे करून बसतात, आणि ज्योत अशा खिशापर्यंत पोहोचली की तो एकदम भडकू शकतो. त्यामुळे जेलसाठी खास म्हणून विकला जाणारा, 77 अंश सेल्सिअसहून अधिक फ्लॅश पॉइंट असलेला सुगंधच घ्यावा आणि प्रमाण 3 ते 5 टक्क्यांच्या आत ठेवावे. आधी चमचाभर सुगंध तेवढ्याच खनिज तेलात ढवळून पाहावा. गढूळपणा आला किंवा दोन थर झाले, तर तो सुगंध जेलमध्ये वापरू नये. इसेन्शियल ऑइल तर जेलच्या वाटेला नेऊच नयेत.

तयार मेणबत्ती लगेच पेटवू नये. पॅराफिनला दोन-तीन दिवस आणि सोयाला एक ते दोन आठवडे मुरू द्यावे. मग वात 6 मिलिमीटरपर्यंत कापून, सपाट आणि न जळणाऱ्या जागेवर ठेवून, एका वेळी तीन-चार तास अशी चाचणी घ्यावी आणि त्या काळात खोलीतून उठून जाऊ नये. ज्योत नाचत असेल, काजळी दिसत असेल किंवा काच हात लावता येणार नाही इतकी तापत असेल, तर आधी सुगंध एक-दोन टक्क्यांनी कमी करून पाहावा. नारळाच्या करवंटीत ओतलेल्या, वर दालचिनीच्या कांड्या आणि सुकवलेली फुले खोचलेल्या मेणबत्त्या छायाचित्रात सुंदर दिसतात. पण करवंटी, कांडी आणि फुले या तिन्ही वस्तू जळणाऱ्या आहेत, हे ओतण्यापूर्वीच आठवावे. घरात मांजर किंवा पक्षी असेल, तर बंद खोलीत सुगंधी मेणबत्ती लावूच नये.

अंगाला लावायच्या वस्तू

येथे आकडे एकदम खाली येतात. अंगभर लावायच्या लोशन आणि बॉडी बटरमध्ये मी 0.5 टक्क्यापासून सुरुवात करते आणि प्रमाणपत्राने कितीही मुभा दिली तरी 1 टक्क्याच्या वर जात नाही. चेहऱ्याच्या क्रीममध्ये 0.2 टक्के पुरे, आणि खरे तर त्यात सुगंध नसलेलाच बरा. लिप बाममध्ये वर्ग 1 ची मर्यादा पाहूनच, ओठांसाठी म्हणून विकला जाणारा फ्लेवर घालावा, कारण ओठांवरचे पोटात जाते. दोन वर्षांखालील बाळाच्या तेलात, पावडरीत किंवा साबणात कोणताही सुगंध घालू नये.

200 ग्रॅम लोशनचा 0.5 टक्का म्हणजे 1 ग्रॅम. स्वयंपाकघरातील साधा काटा 1 ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो, म्हणजे तो इथे कुचकामी आहे. सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्यावा लागतो. थेंब मोजण्यावर विसंबू नये. वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असे म्हणतात खरे, पण थेंबाचा आकार ड्रॉपरवर आणि तेलाच्या दाटपणावर अवलंबून असतो. मिलिलिटर आणि ग्रॅमही सारखे नसतात: संत्र्याच्या तेलाचा एक मिलिलिटर सुमारे 0.85 ग्रॅम भरतो, तर लवंगेच्या तेलाचा 1 ग्रॅमपेक्षा थोडा जास्तच.

बारीक काटा नसेल, तर एक जुनी युक्ती उपयोगी पडते. 10 ग्रॅम सुगंधी तेल 90 ग्रॅम न गोठणाऱ्या खोबरेल तेलात किंवा बदामतेलात मिसळून ठेवावे. हे झाले दहा टक्क्यांचे पातळ मिश्रण. पुढे 200 ग्रॅमच्या बॉडी बटरमध्ये 0.5 टक्का सुगंध हवा असेल, तर या मिश्रणातील 10 ग्रॅम घालावेत, म्हणजे मूळ सुगंध नेमका 1 ग्रॅम जातो. 10 ग्रॅम साध्या काट्यावरही बऱ्यापैकी अचूक मोजता येतात आणि एखाद्या ग्रॅमची चूक झाली तरी ती मूळ सुगंधात दशांशच उतरते.

इसेन्शियल ऑइलसाठी प्रमाणपत्र मिळाले नाही, तर काही मर्यादा पाठ असाव्यात. लवंगेचे तेल अंगावर राहणाऱ्या वस्तूत 0.5 टक्क्याच्या वर नेऊ नये. दालचिनीच्या पानाच्या तेलातही युजेनॉलच मुख्य असते, त्याची मर्यादा 0.6 टक्क्याच्या आसपास धरतात. दालचिनीच्या सालीचे तेल 0.1 टक्क्याच्याही खाली ठेवावे लागते, म्हणजे व्यवहारात ते वगळलेलेच चांगले. दोन तेलांत एकच घटक असेल, तर मर्यादा वाटून घ्यावी लागते. लवंगेचे तेल 0.25 टक्का, म्हणजे तिच्या मर्यादेच्या निम्मे वापरले, तर दालचिनीच्या पानाचे तेलही त्याच्या मर्यादेच्या निम्मे, म्हणजे 0.3 टक्क्यापर्यंतच घालता येईल. दोन्ही पूर्ण मर्यादेपर्यंत घातली की त्वचेला युजेनॉलचा दुप्पट मारा होतो. गवती चहाच्या तेलात सिट्राल या ॲलर्जीकारक द्रव्याचे प्रमाण फार असते, तेव्हा त्याच्याशीही हात आखडूनच वागावे.

लिंबूवर्गीय तेलांचा धोका वेगळा आहे. साल दाबून काढलेल्या काही तेलांत अशी द्रव्ये असतात, की ती त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवरील वस्तूंत साल दाबून काढलेले बर्गमॉट 0.4 टक्का, कागदी लिंबू 0.7 टक्का, मोठे पिवळे लिंबू 2 टक्के आणि ग्रेपफ्रूट 4 टक्के यांच्या पुढे जाऊ नये. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या लिंबाच्या तेलाला आणि गोड संत्र्याच्या तेलाला ही अट नाही. म्हणून खरेदी करताना ‘कोल्ड प्रेस्ड’ की ‘स्टीम डिस्टिल्ड’, हे विचारलेच पाहिजे. लिंबू आणि संत्र्याची तेले हवेने लवकर बिघडतात, आणि बिघडलेले तेल ताज्यापेक्षा अधिक ॲलर्जीकारक असते. बाटली घट्ट बंद करून, अंधाऱ्या व गार जागी ठेवावी, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, आणि वर्षभराहून जुने तेल अंगाच्या वस्तूंत घालू नये.

कापराबद्दल वेगळे सांगणे भाग आहे, कारण खोबरेल तेलात कापूर विरघळवून ठेवण्याची रीत आपल्या घरांत जुनी आहे. मोठ्यांच्या सांधेदुखीसाठी थोड्या प्रमाणात ते चालते. अमेरिकेत लावायच्या औषधांत कापराची कमाल मर्यादा 11 टक्के आहे. पण कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. बाळाच्या छातीला, नाकाजवळ किंवा टाळूला कापराचे तेल लावू नये आणि ती बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

साबण

साबण धुतला जातो, त्यामुळे त्यात थोडी अधिक मोकळीक असते. बाजारातील तयार बेस वितळवून केलेल्या साबणात 1 ते 2 टक्के सुगंध पुरतो. 3 टक्क्यांच्या वर बेस तेल धरत नाही आणि साबण मऊ व चिकट राहतो. कॉस्टिक सोडा आणि तेलांपासून केलेल्या साबणात सुगंध तेलांच्या वजनावर मोजण्याची पद्धत आहे आणि साधारण 3 टक्के घालतात. 1000 ग्रॅम तेलांना 30 ग्रॅम सुगंध घातला आणि सोडा-पाण्यासह मिश्रण 1430 ग्रॅम झाले, तर त्यात सुगंध 2.1 टक्के असतो. चार-सहा आठवडे वाळताना पाणी उडून साबण समजा 1250 ग्रॅमवर आला, तर तोच सुगंध 2.4 टक्के होतो. वर्ग 9 च्या मर्यादेशी हा शेवटचा आकडा ताडून पाहावा. लवंगेचे तेल अशा साबणाचे मिश्रण भराभर घट्ट करते आणि व्हॅनिलाचा सुगंध साबणाला तपकिरी करतो. प्रमाण कमी असले तरी हे टळत नाही.

उटण्याबद्दल माझे मत जरा हट्टी आहे. नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद आणि चंदनाची पूड असताना त्यात बाटलीतला सुगंध ओतण्याची गरजच काय? पुड्या ताज्या असतील तर वास आपोआप येतो आणि जुन्या असतील तर सुगंध घालून त्या ताज्या होत नाहीत. शिवाय नरकचतुर्दशीला तेच उटणे आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सर्वांच्या अंगाला लागते.

चाचणी, नोंद आणि विक्री

तयार झालेली वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून 48 तास पाहावे. कच्चे सुगंधी तेल थेट त्वचेवर लावून चाचणी घेऊ नये. त्यातून चाचणीऐवजी इजाच व्हायची. चाचणीत काही झाले नाही, म्हणून पुढे कधीच होणार नाही असे नाही, हेही वापरणाऱ्याला सांगावे. प्रत्येक बॅचची तारीख, मेण किंवा बेसचा प्रकार, सुगंधाचे नाव, विक्रेता, ग्रॅममधील वजन आणि टक्केवारी वहीत लिहावी. कोणाला पुरळ उठले, तर डॉक्टर पहिला प्रश्न ‘त्यात काय काय होते?’ हाच विचारतात.

स्वतःसाठी आणि नातलगांसाठी करणे आणि विकणे यांत कायद्याने मोठा फरक आहे. साबण, लोशन, उटणे ही सौंदर्यप्रसाधने विक्रीसाठी बनवायची तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 आणि सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 लागू होतात आणि राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून, उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो. बचत गटाच्या किंवा सोसायटीच्या मेळाव्यातील लहान टेबलही विक्रीच असते. मेणबत्तीला हा परवाना लागत नाही, पण वात कापणे, चार तासांच्या वर न जाळणे, मुलांपासून दूर ठेवणे या सूचना आणि सुगंधाचे नाव वेष्टनावर छापावे. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक लक्षात घ्यावे: तिथे घरी केलेला एक साबण विकायचा झाला तरी पात्र तज्ज्ञाचा सुरक्षा अहवाल लागतो. शिवाय अंगावर राहणाऱ्या वस्तूत एखादे नमूद ॲलर्जीकारक सुगंधी द्रव्य 0.001 टक्क्याहून आणि धुतल्या जाणाऱ्या वस्तूत 0.01 टक्क्याहून जास्त असेल, तर त्याचे नाव वेष्टनावर द्यावे लागते. अशा द्रव्यांची यादी पूर्वी 26 नावांची होती. 2023 च्या नियमाने ती ऐंशीच्या पुढे गेली आहे. भारतात विकताना हे बंधन नसले, तरी लिमोनिन, लिनॅलूल, युजेनॉल, सिट्राल यांसारखी नावे विक्रेत्याच्या कागदावरून पाहून डबीवर लिहायला फक्त एक ओळ लागते.